एका डीप फ्रीझरचे पन्नास दिवस

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. शिवजयंती होऊन एकच दिवस झाला होता. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइल पुढे धरूनच जिना उतरल्या. "भाऊजी, क्रेडिट कार्डावर हे अठराशे चोपन्न रुपये कसले लावलेत? मी तर तारखेच्या आधी भरले होते." चहा ठेवायलाही सवड दिली नाही.

आमचा वाडा ग्वाल्हेरला, लष्कर भागात. मी दौलतगंजात एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहितो. त्यामुळे वाड्यात कुणाकडे बँकेचा कागद आला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. बहुतेक कागद दोन मिनिटांत निकाली निघतात. हे प्रकरण मात्र फेब्रुवारी ते जून चाललं. त्यात 'बिनव्याजी' हा एकच शब्द तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा निघाला, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे. वहिनींची हरकत नाही. नाव तेवढं घालू नका म्हणाल्या, आणि बँकांचीही नको, "उद्या तिथेच जायचंय मला."

मेळ्यात काय ठरलं

वहिनी डबे करतात. कंपू भागात गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकणारी मुलं आणि दोन-चार नोकरदार धरून तेव्हा बावीस डबे जात होते, महिन्याला २,६०० रुपयांचा एक. पैसे १ ते ५ तारखेत जमतात. किराणा, गॅस, भाजी आणि पोचवणाऱ्या पोराचा पगार जाऊन हातात चौदा-पंधरा हजार उरतात. दादा नया बाजारात एका पेढीवर मुनीम आहेत. घर त्यांच्या पगारावर चालतं, डब्याचा पैसा वहिनींचा.

जानेवारीत मटार मातीमोल होतो. तो सोलून वर्षभरासाठी ठेवायचा तर घरचा फ्रीज पुरत नाही, म्हणून डीप फ्रीझर घ्यायचं ठरलं. आणि ग्वाल्हेरात मोठी वस्तू घ्यायची तर ती मेळ्यात. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा अजून थंडीत भरतो. आमच्याकडे घरोघरचे टीव्ही, कपाटं, स्कूटर तिथूनच आलेल्या. १६ जानेवारीला वहिनी आणि दादा गेले आणि ३८,००० रुपयांचा फ्रीझर पसंत केला.

दुकानदाराने दोन रस्ते दाखवले. पहिला, सहा महिन्यांचा 'नो कॉस्ट' ईएमआय. दुसरा, कार्ड सरळ घासा, "पचास दिन कुछ नहीं लगेगा." वहिनींनी दुसरा धरला. त्यांचा हिशेब साधा होता. आजपासून पन्नास दिवस म्हणजे ७ मार्च. तोवर दोन महिन्यांची डब्याची रक्कम येईल, शिवाय १ मार्चला २०,००० ची आरडी सुटते. मग हप्त्यांची कटकट हवी कशाला?

हिशेबात चूक नव्हती, मोजणी मात्र चुकीच्या दिवसापासून होती.

वहिनींच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघतं आणि त्यानंतर २० दिवसांनी भरायची शेवटची तारीख येते. १९ जानेवारीला केलेली खरेदी १८ फेब्रुवारीच्या बिलात जाते आणि ती १० मार्चपर्यंत भरता येते. हे झाले बरोबर पन्नास दिवस. १८ जानेवारीची खरेदी त्याच दिवशीच्या बिलात बसते, तिला ७ फेब्रुवारीपर्यंत म्हणजे वीस दिवस. एका रात्रीत तीस दिवसांचा फरक पडतो. 'पन्नास दिवस' ही कमाल मुदत आहे, आणि ती बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्यालाच मिळते. सोळा तारखेच्या फ्रीझरला बावीस दिवस मिळाले. तीन दिवसांनी घेतला असता तर पन्नास मिळाले असते, आणि मेळा तर फेब्रुवारीतही होता. दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला वहिनींची बिलाची तारीख माहीत नव्हती. वहिनींनाही नव्हती, हे जास्त खरं.

बिल उघडल्यावर

१८ जानेवारीचं बिल ३८,००० चं आलं. एसएमएसमध्ये दोन आकडे होते, एकूण देय ३८,००० आणि किमान देय १,९००. शेवटची तारीख ७ फेब्रुवारी. वहिनींनी तो वाचला आणि त्यांना वाटलं, पन्नास दिवस आहेतच, तोवर बँक हप्त्यासारखे एकोणीसशे मागते आहे. ६ फेब्रुवारीला त्यांनी १,९०० भरले आणि निर्धास्त झाल्या. हातात तेव्हा चौदा हजार होते. त्यातून तेलाचे डबे आणि डाळी भरल्या.

हा गैरसमज मी किमान दहा घरांत पाहिला आहे. किमान देय भरल्याने उशिराचा दंड टळतो आणि थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही. बस, एवढंच. व्याज थांबत नाही. उलट त्याच दिवशी बिनव्याजी मुदत मागे घेतली जाते, आणि व्याज लागतं ते ७ फेब्रुवारीपासून नाही, तर १६ जानेवारीपासून, म्हणजे मेळ्यात कार्ड घासलं त्या दिवसापासून. वहिनींना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "म्हणजे ते बावीस दिवस फुकट होते की नव्हते?" होते, पण पूर्ण रक्कम भरली तरच. किराणेवाल्याकडे उधारी तुंबली तर तो तुंबलेल्या दिवसापासून कुरकुरतो. कार्डाचं तसं नसतं. कार्डाची सवलत सशर्त असते आणि शर्त मोडली की ती कधी नव्हतीच असं धरलं जातं.

१८ फेब्रुवारीच्या बिलाची मी ओट्यावर बसून उलटी तपासणी केली. या कार्डाचा दर महिन्याला ३.५ टक्के, वर्षाचे ४२. फ्रीझरचे राहिलेले ३६,१०० रुपये, १६ जानेवारी ते १८ फेब्रुवारी ३३ दिवस, व्याज १,३७१. इथपर्यंत त्या कशाबशा ऐकत होत्या. पण बिलात आणखी दोन ओळी होत्या. २४ जानेवारीला ६,००० चा किराणा आणि १० फेब्रुवारीला ३,००० चा. त्यांच्यावरही व्याज लागलं होतं, पहिल्यावर १७३ आणि दुसऱ्यावर २८. "हा तर नवा किराणा आहे, याची तारीख मार्चची!" त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. नियम मात्र असा आहे की मागच्या बिलातलं काहीही शिल्लक असेल, तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापासून मीटर सुरू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यात ही गोष्ट ग्राहकाला उदाहरणं देऊन समजावून सांगा असं बँकांना बजावलं आहे. उदाहरणं असतात. कार्डाबरोबर येणाऱ्या जाड पुस्तिकेत असतात, आणि ती पुस्तिका वहिनींच्या घरी डब्यांच्या कपाटात कागद अंथरायच्या कामी आली होती.

वरचे पैसे धरून व्याज झालं १,५७१. त्यावर १८ टक्के जीएसटी, २८३. एकूण १,८५४.

म्हणजे वहिनींनी १,९०० भरले आणि १,८५४ चढले. देणं जवळजवळ जिथल्या तिथे. बिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल. हे वाक्य छापणं बँकांना बंधनकारकच आहे. मी ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवलं. "हे वर छापायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नाही.

तीस टक्क्यांचा वाद

तेवढ्यात दादा आले आणि कोटाचं बटण काढता काढता म्हणाले, "बेचाळीस टक्के? तीसच्या वर लावताच येत नाही. कोर्टाने सांगितलंय. तक्रार करू." दादांची माहिती अगदीच हवेतली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जुलै २००८ मध्ये खरोखरच म्हटलं होतं, की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, प्रकरण सोळा वर्षं रेंगाळलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे वहिनी मेळ्यात जायच्या महिनाभर आधी, न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. तेव्हा तीस टक्क्यांची ढाल आता नाही. दादा थोडे हिरमुसले.

तक्रार करायला जागा होती का, हे मी तरीही पाहिलं. तारीख चुकल्याचा दंड लावला होता का? नाही. तो लावायचा तर देणं तीन दिवसांहून जास्त थकलं पाहिजे, आणि तेही राहिलेल्या रकमेवरच. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज काढलं होतं का? तेही नाही. बिल नियमात चोख होतं. चूक सापडली असती तर आधी बँकेकडे लेखी तक्रार केली असती, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो असतो. त्याला पैसे लागत नाहीत. पण इथे भांडायला काही नव्हतं, आणि नसताना भांडून वहिनींचा महिना वाया घालवायचा नव्हता.

मी एवढंच म्हणालो, "वहिनी, हे कार्ड आजपासून कपाटात. आणि १० मार्चची वाट बघू नका. व्याज रोज चढतं आहे, जमेल तसं भरत चला."

जमलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि आरडीचे वीस हजार तिकडे गेले. त्यामुळे तीन दिवस थांबून फ्रीझर घेतला असता तरी मार्चमध्ये ओढाताण झालीच असती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फेब्रुवारीचे १,८५४ तेवढे वाचले असते.

दुसऱ्या बँकेचा फोन

दुसऱ्या बँकेचं एक कार्ड घरात न वापरता पडून होतं. त्या बँकेचा फोन आला. दुसऱ्या कार्डावरचं देणं आमच्याकडे वळवा, ९० दिवस शून्य टक्के. याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. वहिनी या वेळी 'हो' न म्हणता खाली आल्या, हीच माझी पहिली कमाई.

आम्ही परत फोन लावून तीन प्रश्न विचारले. शुल्क किती? २ टक्के आणि त्यावर जीएसटी. ४०,००० वर ८०० अधिक १४४, म्हणजे ९४४. नव्वद दिवस कधीपासून मोजायचे, आज नोंदवलं तर आजपासून की पहिल्या बिलापासून? बाई जरा अडखळल्या, मग विचारून सांगितलं, नोंदवल्याच्या तारखेपासून. नव्वद दिवसांनंतर उरलेल्या रकमेला कोणता दर? नेहमीचा, महिन्याला ३.७५ टक्के.

चौथा प्रश्न मी वहिनींच्या वतीने विचारला, कारण तो माणसाला सुचत नाही. मुदतीनंतर उरलेल्याच रकमेवर व्याज लागेल की पहिल्या दिवसापासून सगळ्यावर? दादांचा एक भाचा अमेरिकेत असतो. तिथल्या एका फर्निचरच्या दुकानाच्या कार्डावर त्याने बारा महिने बिनव्याजी म्हणून सोफा घेतला होता. शेवटी थोडे डॉलर राहिले, तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं साठलेलं व्याज एकदम अंगावर आलं. तिकडे त्याला डिफर्ड इंटरेस्ट म्हणतात. व्याज माफ नसतं, नुसतं पुढे ढकललेलं असतं. आमच्या ऑफरमध्ये तसं नव्हतं, व्याज उरलेल्या रकमेवर आणि मुदत संपल्यापासूनच. ते मी एसएमएसमध्ये लिहून मागितलं.

मग पाटीवर मांडलं. जुन्या कार्डावर ४०,००० तसेच राहिले तर तीन महिन्यांचं व्याज ४,२०० आणि जीएसटी ७५६. इकडे ९४४. इथे बिनव्याजी म्हणजे फुकट नाही, पण एकंदरीत स्वस्त आहे. घ्यावं, असं मी म्हणालो. एक अट घातली, त्या नव्या कार्डावर मिठाची पिशवीसुद्धा घ्यायची नाही. कारण वळवलेली रक्कम त्या कार्डावर शिल्लकच राहणार, आणि शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. वळवलेल्या रकमेला शून्य टक्के आणि त्याच कार्डावरच्या किराण्याला पहिल्या दिवसापासून पंचेचाळीस, असे दोन दर एकाच बिलात शेजारी शेजारी बसतात. हे बहुतेकांना बिल आल्यावर कळतं.

३ मार्चला नोंदवलं. ५ मार्चला ४०,००० जुन्या कार्डावर जमा झाले. उरलेले ६,९५४ वहिनींनी डब्याचे पैसे आल्यावर ८ मार्चला भरले. ४६,९५४ चं बिल शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पूर्ण चुकतं.

शेपूट

आणि १८ मार्चला त्याच कार्डाचं ९४७ रुपयांचं बिल आलं.

वहिनी इतक्या चिडल्या होत्या की डबे भरायचं सोडून आल्या. "सगळं भरलं ना? तुमच्यासमोर भरलं ना?" भरलं होतं. पण १८ फेब्रुवारीचं बिल १८ तारखेपर्यंतचंच व्याज सांगतं. त्यानंतर ४०,००० जमा होईपर्यंत १५ दिवस आणि उरलेले भरेपर्यंत आणखी ३ दिवस व्याज चालूच होतं. ते पुढच्या बिलात येतं. व्याज ८०२, जीएसटी १४४, वरचे पैसे धरून ९४७. मी याला शेपूट म्हणतो. कार्ड एकदा व्याजात शिरलं की पूर्ण रक्कम भरल्यावरही एक बिल शेपटीचं येतं. ते क्षुल्लक समजून सोडलं तर पुन्हा शिल्लक राहिली, पुन्हा मुदत गेली. खरं तर हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ९४७ टळले नसते, पण त्या दिवशी बावीस जणांची जेवणं उशिरा गेली नसती.

ते भरले. एप्रिलचं बिल शून्याचं आलं, तेव्हा मी म्हणालो, आता हे कार्ड पुन्हा वापरायला हरकत नाही.

एक जून आणि चौदा जून

ठरलं होतं की नव्या कार्डाचे ४०,९४४ तीन टप्प्यांत फेडायचे. १० एप्रिलला १४,००० गेले, ८ मेला १४,९४४. राहिले १२,०००. ३ मार्चपासूनचे नव्वद दिवस १ जूनला भरतात. मी एका चिठ्ठीवर 'एक जूनच्या आत' असं लिहून दिलं होतं आणि वहिनींनी ती देव्हाऱ्याखाली ठेवली होती.

मेमध्ये ग्वाल्हेर तापतं. मुलं परीक्षा देऊन गावी गेली, डबे बावीसचे तेरा झाले. त्यातच मी पुण्याला एका लग्नाला गेलो. २५ मेला त्या कार्डाचं बिल निघालं. १२,००० देय, शेवटची तारीख १४ जून. वहिनींनी ते ॲपमध्ये पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं, चिठ्ठीवर भाऊजींनी सावधगिरी म्हणून आधीची तारीख लिहिली असणार. १४ जूनला, अगदी शेवटच्या दिवशी, पूर्ण बारा हजार भरले. दंड नाही, थकबाकी नाही. आणि २५ जूनच्या बिलात २२७ रुपये.

या प्रकरणातली ही सगळ्यात लहान रक्कम, पण मला विचाराल तर सगळ्यात शिकण्यासारखी. बिलाची शेवटची तारीख आणि ऑफरची शेवटची तारीख या दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात. बिलाची तारीख बिलावर ठळक छापतात, एसएमएसने दोनदा आठवण करून देतात. ऑफर कधी संपते हे मात्र त्या बिलावर कुठेच नव्हतं. ते फक्त ३ मार्चला आलेल्या एका एसएमएसमध्ये होतं, आणि तिथेही तारीख नव्हती, 'नोंदणीपासून ९० दिवस' असं होतं. तारीख माणसाने स्वतः काढायची. १ ते १४ जून, १२,००० वर तेरा दिवसांचं व्याज १९२, जीएसटी ३५.

वहिनी या वेळी चिडल्या नाहीत. "तुम्ही चिठ्ठीवर तारीख लिहिलीत," त्या म्हणाल्या, "पण बिल काहीही म्हटलं तरी हीच, असं नव्हतं लिहिलं." बरोबर होतं ते. मीही इतरांसारखंच गृहीत धरलं, की एकदा सांगितलं म्हणजे पोचलं. ज्या माणसासमोर बँकेचा छापील कागद एक तारीख म्हणतो आणि शेजाऱ्याची चिठ्ठी दुसरी, तो छापील कागदच मानणार.

मांडलेला हिशेब

जुलैमध्ये वहिनींनी वहीत सगळं लिहून मागितलं. फेब्रुवारीचं व्याज १,८५४, शेपूट ९४७, वळवायचं शुल्क ९४४, जूनचे २२७. एकूण ३,९७२. फ्रीझर ३८,००० चा नाही, जवळजवळ ४२,००० चा पडला.

देणं वळवायचा निर्णय चुकला नव्हता, हे मी आग्रहाने लिहिलं. त्याच तारखांना तेवढेच पैसे जुन्या कार्डावर भरले असते, तर व्याज आणि कर मिळून अंदाजे साडेतीन हजार लागले असते. वळवल्यामुळे ९४४ आणि २२७ मध्ये भागलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी टाळत होतो. "दुकानदाराचा ईएमआय घेतला असता तर?" त्याचीही फोड करून दाखवली. 'नो कॉस्ट' ईएमआयमध्ये बँक व्याज सोडत नाही. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधी देते आणि बँक तेवढंच व्याज लावते, म्हणून हप्त्यांची बेरीज मूळ किमतीइतकी दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच म्हटलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नाही. २०२२ च्या निर्देशांत तर स्पष्ट आहे, की ईएमआय करण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवली पाहिजे, व्याज असताना त्याला बिनव्याजीचा मुखवटा चढवायचा नाही. दादांनी त्या दुकानदाराचं पत्रक जपून ठेवलं होतं. त्यात दर १६ टक्के होता. सहा हप्त्यांत व्याजाचा भाग साधारण १,७१२, तो सुटीने फिटला असता. पण त्या व्याजावरचा जीएसटी ३०८ खिशातूनच गेला असता, आणि प्रक्रिया शुल्क १९९ अधिक त्यावरचा कर ३६. एकूण ५४३.

"पाचशे त्रेचाळीस," वहिनी म्हणाल्या, आणि वही मिटली.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. कार्डाची रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हायची सोय लावली, आणि ती लावताना ॲपने 'किमान' की 'एकूण' विचारलं तेव्हा 'एकूण' निवडून मला फोटो पाठवला. बिलाची तारीख बदलून घेऊ का, असंही विचारलं. तसा अर्ज करता येतो, निदान एकदा तरी बँकेला नाही म्हणता येत नाही. पण डब्याचे पैसे पाच तारखेपर्यंत येतात आणि बिल भरायची तारीख सात-दहाच्या आसपास असते, तेव्हा आहे तेच सोयीचं आहे म्हटलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र दर महिन्याच्या १९ तारखेभोवती तांबडं कुंकू लावलेलं असतं.

यंदाच्या मेळ्यात मी त्यांच्याबरोबर होतो. २० जानेवारी, मोठा वाटणयंत्र मिक्सर. तोच दुकानदार होता की दुसरा, कुणास ठाऊक, वाक्य मात्र तेच होतं, "बहनजी, पचास दिन कुछ नहीं लगेगा."

"उनचास," वहिनी म्हणाल्या आणि कार्ड पुढे केलं.